बाईंचा कायदा

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते. बाईंना जाऊन काही वर्षं झाली, मी नेदरलँड्समधलं हार्लेम सोडलं, नोकरी बदलली, तरी भांडी घासताना मधेच त्यांचं काहीतरी आठवतं आणि हातातलं पातेलं जरा जास्तच जोरात आपटलं जातं.

बाई म्हणजे माझ्या घरमालकीण. त्यांचं नाव मी इथे घेत नाही. त्या असतानाही कधी घेतलं नाही. त्यांचा हट्ट असायचा, मला नावानं हाक मार, 'मेव्राउ', म्हणजे मॅडम, काय म्हणतेस, मी काय बँकेची मॅनेजर आहे? पण आईच्याही वरच्या वयाच्या बाईला नुसत्या नावानं हाक मारणं माझ्या जिभेला जमेना. पुढे माझी आई पुण्याहून आली, तिनं पहिल्याच दिवशी त्यांना 'बाई' म्हटलं आणि तेच चिकटलं. ते बरोबरही होतं. जन्मभर त्यांनी शाळेत इतिहास शिकवला होता आणि आपण निवृत्त झालोय हे त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं.

पुरुषांना वरून बघावं इतकी उंची, कमरेपर्यंत पांढरी वेणी, आणि खिशात हाडाची फणी. डच बाई, पण जीव सगळा हजार वर्षांपूर्वीच्या नॉर्स लोकांत, जग ज्यांना व्हायकिंग म्हणतं त्यांच्यात. ते लोक दर शनिवारी न्हायचे आणि केस विंचरायचे, म्हणून बाईही दर शनिवारी. बाथरूम घरात एकच. मी हातात टॉवेल घेऊन बाहेर ताटकळत उभी आणि आतून व्याख्यान चालू. इंग्लंडातल्या साधूंनी कशी तक्रार लिहून ठेवली आहे, की हे दर्यावर्दी मेले इतके स्वच्छ राहतात की आमच्या बायका त्यांच्या नादी लागतात. "सगळ्यांना वाटतं ते लोक रानटी होते," बाई पाण्याच्या आवाजावर ओरडायच्या, "रानटी तर आम्ही होतो. अंघोळ न करणारे!" मला त्या क्षणी इतिहासात नव्हे, अंघोळीत रस असायचा.

त्यांच्यासमोर 'व्हायकिंग लोक' म्हणायची चोरी होती. व्हायकिंग ही जात नव्हे, तो धंदा. चार महिने समुद्रावर लूटमार, उरलेले महिने गुपचूप शेती. इथल्याच किनाऱ्यावर एका डेन, म्हणजे डेन्मार्कच्या, सरदाराला बादशहानं जहागीर दिली होती, का तर इतर डेन लोकांपासून राखण करावी म्हणून. "या देशाचा पहिला हायली स्किल्ड मायग्रंट तो," माझ्या व्हिसावरचे शब्द उचलून बाई माझ्याकडे बोट करून म्हणायच्या, "तू फार उशिरा आलीस." आणि इंग्रजांनी तुमच्यावर जो लॉ चालवला ना, तो 'लॉ' शब्दसुद्धा त्यांना याच लुटारूंनी दिला. हे सांगताना त्यांना असा आनंद व्हायचा की जणू राणीचा खिसा यांनी स्वतः कापला आहे.

मी त्यांच्याकडे आले ती बाडहूव्हडॉर्पहून. तिथला मालक भाडं चोख घ्यायचा, पण माझं नाव त्या पत्त्यावर नोंदवू द्यायचा नाही. इथे पत्त्याची नोंद नाही तर बँक नाही, विमा नाही, तुम्ही नाहीच. बाईंनी पहिल्या भेटीत भाड्याचं काढलंच नाही. विचारलं, "तू कुठल्या घरची?"

"पुण्याची."

"गाव नाही विचारलं. घर."

मग उभ्या उभ्या सांगितलं. जुन्या काळी, नॉर्स लोकांच्या आइसलंडात प्रत्येक माणसाला कुठल्या ना कुठल्या घरचं असावंच लागे. वसंतात घर बदलायचे ठरलेले दिवस असत, त्यात ज्यानं त्यानं आपलं घर ठरवायचं. ज्याला घर नाही त्याला कायदाही नाही. त्याला कुणी मारलं तरी विचारायला येणारं कोणी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः सायकलवर पुढे होऊन त्यांनी मला खेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत नेलं आणि माझं नाव त्यांच्या पत्त्यावर लावून घेतलं. त्या दिवशी मला त्या देवासारख्या वाटल्या. महिनाभर वाटल्या. मग त्यांनी माझ्या खिडकीखाली कॉड मासा वाळत घातला.

महासाथीच्या त्या वर्षी, फेब्रुवारीत, आई तीन महिन्यांसाठी आली. चौथ्या दिवशी सकाळी बाई दारात उभ्या. "तुझी आई कालपर्यंत पाहुणी होती. तीन रात्री झाल्या. आजपासून ती एकतर घरची, नाहीतर निघायची. काय ते ठरवा."

माझं डोकंच फिरलं. विमानातून उतरून आईची झोपसुद्धा जागेवर आली नव्हती. मी म्हटलं, हे काय बोलणं झालं? आमच्याकडे पाहुण्याला असं विचारत नाहीत. बाई शांत. तीन रात्रींपुढे पाहुणा म्हणून बसून राहणं त्या लोकांत बरं दिसत नसे. घरची व्हायचं तर सोपं आहे: घरचं काम करायचं, घरचं खायचं.

आईनं विचारलं, "काय म्हणतेय गं?"

"म्हणतायत काम कर."

"मग बरोबर आहे की," आई म्हणाली आणि शालीतून बाहेर आली. "नुसतं बसून कंबर धरली माझी."

काम होतं लोकर कातायचं. बाईंचा मोठा राग यावर होता, की दुनिया जहाजांचं कौतुक करते, तलवारींचं करते, शिडाचं कुणी नावच काढत नाही. जहाज पुरुष बांधायचे, पण त्याचं लोकरीचं शीड विणायला जहाजापेक्षा जास्त वेळ लागे, आणि ते सगळं बायकांनी टकळीवर कातलेलं. "बायकांनी कातणं थांबवलं असतं, तर हे बहाद्दर किनाऱ्यावर बसून मासे मोजत राहिले असते." बाई स्वतः वर्षानुवर्षं एका छोट्या होडीच्या शिडासाठी कातत होत्या. आईनं टकळी पाहिली आणि हसली. तिच्या शाळेत सूतकताईचा तास असे आणि सूत तुटलं की छडी. इथेही सूत तुटायचं आणि बाई डचमध्ये ओरडायच्या. आई मराठीत उत्तर द्यायची. मधे मी, लॅपटॉपवर मीटिंग म्यूट करून, दुभाषी.

वादाला दोघींना विषय लागत नसे. आई मुरुडकडची, त्यामुळे खिडकीखालचा मासा बघून तिला भरूनच आलं, पण तो बिनमिठाचा नुसता वाऱ्यावर वाळवतात म्हटल्यावर तिनं कपाळाला हात लावला. एकदा बाई लूटमारीचा हंगाम समजावत होत्या. आई म्हणाली, "मुलूखगिरीच की ही. दसऱ्याला निघायचं, पावसाच्या आत घरी." मी हे भाषांतर करायला नको होतं. बाईंनी सगळं खोदून काढलं. मराठे बंगालपर्यंत गेले होते आणि तिथल्या आया अजून त्यांचं नाव सांगून पोरं निजवतात, हे कळल्यावर त्या टाळ्या वाजवत उठल्या. "म्हणजे तुम्हीच!"

"ते स्वराज्यासाठी होतं, सांग तिला," आई फणकारली.

"सगळे असंच म्हणतात, सांग तिला," बाई म्हणाल्या.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. विमानं बंद, आईचं तिकीट रद्द. आणि बाईंच्या मुलाचा फोन आला. पन्नाशीचा माणूस, रॉटरडॅमला कसल्याशा सल्लागार कंपनीत. आईला भेटायचं तरी आधी कॅलेंडरमध्ये जागा शोधणारा. म्हणाला, माझी आई म्हातारी आहे, घरात एक माणूस विमानतळावरून आलेलं आहे, करार एकट्या तुझ्याशी आहे. तुझ्या आईची सोय दुसरीकडे कर. हॉटेल बघ, किंवा तुमची माणसं असतील ना इथे.

आमची माणसं होती. लायडस्खेनडाम-फोरबर्गला एक ताई, जिच्या गणपतीला मी दरवर्षी मोदक वळायला जायचे. वरचा मजला रिकामा. फोन केला तर म्हणाली, "अगं, आई आल्या असत्या तर बरंच झालं असतं गं, पण सासूबाई आहेत ना घरात. रिस्क नको वाटते. तू समजून घेशील." मी समजून घेतलं. अजून घेतेय. पुढच्या गणपतीला मोदक तिनं एकटीनं वळले.

बाईंना हे सगळं माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. त्यांनी मुलाला फोन करून सांगितलं, गुरुवारी ये, 'थिंग' भरतेय. थिंग म्हणजे नॉर्स लोकांची सभा. राजा नाही, शिपाई नाही. उघड्यावर उभं राहायचं, कायदा पाठ असलेल्या माणसानं तो मोठ्यानं म्हणायचा, आणि जमलेल्यांनी निवाडा करायचा. गुरुवार त्यांच्या गर्जणाऱ्या देवाचा, म्हणून गुरुवारी. बाई म्हणायच्या, दीड मीटर अंतर ठेवून उघड्यावर जमायचं असेल तर जगात याहून जुनी आणि चांगली व्यवस्था नाही.

मागच्या अंगणात बाई लोकरीची घोंगडी पांघरून उभ्या. फाटकाशी मास्क लावलेला मुलगा. शेजारीपाजारी आपापल्या बाल्कन्यांत. घरात बसून कंटाळले होते, फुकटचा तमाशा कोण सोडतो? मी थंडीत कुडकुडत, रागानं आणि लाजेनं लाल. आई खाली आलीच नाही. "मला काय कळतंय त्यांचं? तुम्ही बोला, माझी कणीक भिजवून झालीय."

बाईंनी कायदा आधी जुन्या नॉर्स भाषेत म्हटला, मग डचमध्ये, मग माझ्यासाठी इंग्रजीत. एक कागद हातात नाही. पाहुणा कोण, घरचा कोण, घरच्या माणसाला हात लावला तर तो कुणाला लावला असं धरायचं. मुलानं दोनदा मधे तोंड घातलं आणि दोनदा बाईंनी त्याला वर्गातल्यासारखं गप्प केलं. शेवटी त्या म्हणाल्या, "ही बाई तीन रात्रींहून जास्त माझ्या घरात राहिली आहे. तिनं माझी लोकर कातली आहे. ती माझ्या घरची आहे. जो तिला हाकलेल तो मला हाकलेल. मान्य असेल तर कळवा." मान्य असल्याचं त्या लोकांत शस्त्रं वाजवून कळवत.

बाल्कन्यांत सगळ्यांच्या माना खाली. डच माणूस असल्या वेळी बुटाकडे बघतो.

आणि वरच्या खिडकीत ताटावर पळी वाजायला लागली.

आईनं फोनवर पुण्याचे व्हिडिओ पाहिले होते. सगळी सोसायटी गॅलरीत येऊन थाळ्या वाजवतेय. इथे इतके लोक बाल्कनीत उभे दिसल्यावर तिला वाटलं, आली यांचीही वेळ. खिडकी उघडून, स्वेटरच्या बाह्या मागे सारून ती जीव खाऊन ताट बडवत होती. समोरच्या बाल्कनीतल्या माणसानं हसत हसत झारा घेतला आणि कठड्यावर आपटला. कुणी पातेलं आणलं, कुणी सायकलची घंटी. क्षणात सगळं अंगण खणखणायला लागलं.

बाईंनी हात वर केला. "शस्त्रं वाजली. निवाडा झाला."

"पण ती स्वतःच्याच खटल्यात मत देतेय!" मुलगा ओरडला.

"तिला खटला आहे हेच माहीत नाही," बाई म्हणाल्या. "याहून निःपक्षपाती मत मी कुठून आणू?"

आई वरून विचारत होती, "अगं, दिवेही लावायचेत का?"

आई जुलैपर्यंत राहिली. परतीच्या विमानात जागा मिळाली त्या सकाळी दोघी टॅक्सी येईपर्यंत मिठावरून भांडत होत्या. मिठी मारायची तेव्हा बंदीच होती. गाडी वळल्यावर बाई फणी काढून भर रस्त्यात वेणी सोडून विंचरत बसल्या, आणि तो शनिवार नव्हता.

माझा राग खरा इथून सुरू होतो. मी उन्हाळ्यातच बाईंना म्हटलं होतं, तुमच्या हाउसआर्ट्सकडे, त्या नेहमीच्या डॉक्टरकडे, घरचं माणूस म्हणून माझंही नाव देऊन ठेवा. मुलगा लांब असतो, घरात मी असते. बाईंनी उडवून लावलं. "चार शेजाऱ्यांसमोर बोलले ना मी? मग झालं. कायदा डोक्यात असावा. कागदावर आला की तो वकिलांचा होतो." हजार वर्षांपूर्वीचा कायदा तोंडपाठ असलेल्या या बाईला स्वतःच्या देशाचा आजचा कायदा पाळायचा कंटाळा होता. मीही त्या दिवशी हसले. हसण्यासारखंच बोलायच्या त्या.

ऑक्टोबरात मासा टांगायला स्टुलावर चढल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मीच ॲम्ब्युलन्स बोलावली. मला त्यात बसू दिलं नाही. हॉस्पिटलातून मुलानं त्यांना परस्पर हेगच्या बाजूच्या एका शुश्रूषागृहात हलवलं. मी गाड्या बदलत तिथे गेले आणि बेल वाजवली.

"फॅमिली?" दारातल्या यंत्रातून एका मुलीचा आवाज आला.

"मी त्यांच्या घरची आहे."

"म्हणजे मुलगी?"

"नाही. घरची."

"भेटायला एकाच माणसाला परवानगी आहे. मुलाचं नाव आहे. तुम्ही कोण, भाडेकरू का?"

त्या मुलीची काही चूक नव्हती. हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्यामुळे तर अंगाची जास्तच आग झाली. मुलाला फोन केला. म्हणाला, नियम मी केलेले नाहीत. मी म्हटलं, अरे, मग तुझ्याऐवजी माझं नाव दे, मी रोज येईन. तो म्हणाला, "ती माझी आई आहे."

मग एके दिवशी त्यानंच मला फोटो पाठवला. खाली हसरा चेहरा: ती मजेत आहे! बाई चाकाच्या खुर्चीत, वेणी कापलेली, केस कानापर्यंत, आणि डोक्यावर प्लॅस्टिकचं शिंगांचं शिरस्त्राण. आजींना व्हायकिंग आवडतात असं कुणीतरी सांगितलं असणार, म्हणून करमणुकीचा कार्यक्रम.

शिंगांचं सांगायचं राहिलंच. त्या लोकांनी शिरस्त्राणावर शिंगं कधी घातलीच नाहीत. ती मागाहून नाटकवाल्यांनी चिकटवली आणि जगानं ती खरी मानली. बाईंचा सगळ्या जन्माचा झगडा या शिंगांशी. कालव्याजवळच्या एका कॅफेवाल्यानं दारात शिंगवाला लाकडी दर्यावर्दी उभा केला होता. बाईंनी भर दुपारी घरून करवत नेऊन त्याची दोन्ही शिंगं कापली आणि काउंटरवर ठेवली. "हे तुमचं. हे त्याचं नव्हतं." पोलीस आले, त्यांनाही ऐकवलं. तो कॅफेवाला पुढची दोन वर्षं आमच्या घरावरून गेला की थुंकायचा.

त्या बाईंच्या डोक्यावर शिंगं. मी दुसऱ्याच दिवशी तिथे जाऊन पार्किंगमध्ये उभी राहिले. पहिल्या मजल्याच्या काचेपाशी त्यांना आणलं, एका नर्सनं त्यांच्या कानाशी फोन धरला.

"फोटो पाहिलास?" बाई म्हणाल्या. आवाज अगदी लहान.

"पाहिला. तुम्ही ते काढून फेकलं का नाहीत?"

"तो कार्यक्रम करणारी पोरगी सकाळपासून उभी होती. तिला वाटलं, मी खूश होईन."

"बाई, चिडा ना," मी खालून ओरडले. पार्किंगमधली माणसं बघायला लागली. "नेहमीसारख्या चिडा!"

त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. "चिडायला आपलं घर लागतं गं," असंच काहीसं त्या डचमध्ये म्हणाल्या. मग नर्सला म्हणाल्या, पुरे.

नोव्हेंबरात कोरोना त्या इमारतीत शिरलाच. मला मुलाचा मेसेज आला तो बाई गेल्यावर. अंत्यसंस्काराला मोजकी माणसं, माझ्यासाठी लिंक. मी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून पाहिलं. कुणीतरी व्हायकिंग लोकांच्या शौर्याबद्दल चार शब्द बोललं. शिडाबद्दल कुणी बोललं नाही. मी स्क्रीन बंद केली.

आईला फोन केला. दिवाळी तोंडावर आली होती. आई म्हणाली, "बरं. फराळाचं सामान बाजूला ठेवते. सुतक आहे."

"आई, परक्यांचं सुतक नसतं आपल्यात."

"परकी कोण?" आई एकदम कडाडली. "चारचौघांत सांगितलं ना तिनं? तुझ्याच तोंडून ऐकलंय मी. काकूचा फोन येईल, कुणाचं सुतक, कुठली गोरी बाई, शोभतं का म्हणेल. मी सांगेन, घरातलं माणूस गेलंय, आकाशकंदील लावणार नाही. तूही धर. देवाला हात लावू नकोस, कुणाकडे जाऊ नकोस."

मी धरलं. दोनच दिवसांनी दारात मुलगा उभा. बरोबर घरं विकणारा एजंट, त्याच्या गळ्यात कॅमेरा. खोल्यांचे फोटो हवे होते. कॅलेंडरमध्ये आजचीच वेळ होती.

"आज नाही," मी म्हटलं. "सुतक संपेपर्यंत या घरात कुणी यायचं नाही."

ते काय असतं, त्यानं विचारलं. मी सांगितलं: घरातलं माणूस गेलं की घरानं थांबायचं. सण नाही, खरेदीविक्री नाही, काही नाही.

"पण कोण पाळतंय हे?"

"मी. आणि पुण्यात माझी आई."

एजंट घड्याळ बघायला लागला. मुलानं त्याला हातानंच जायला सांगितलं. मग डोक्याला हात लावून तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला, अंगातला कोट न काढता. तिथूनच त्यानं विचारलं, "मीसुद्धा पाळायचं असतं का?"

"पहिल्यांदा तूच पाळायचं असतं."

तो तिथेच बसून राहिला. बाहेर अंधारून आलं, तरी उठेना. आमच्यात सुतकाच्या घरी कुणाला चहा विचारत नाहीत. मी विचारला नाही.